मावशीचा प्रश्न आणि अमेरिकेचे चार राष्ट्राध्यक्ष

पोस्ट लांबलचक आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून रात्री वाचा.

२० सप्टेंबर २०२५, शनिवार. मी सांगलीला मावशीकडे होतो. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावस्या, काकांचं श्राद्ध. त्यासाठी मावसभाऊ न्यू जर्सीहून सुट्टी काढून आला होता. सकाळी उठून पाहतो तर हा अंगणात फोन कानाला लावून येरझाऱ्या घालतोय. रात्रीतून बातमी आली होती. ट्रम्प यांनी एका घोषणापत्रावर सही केली. एच-वन-बी व्हिसावर माणूस अमेरिकेत आणायचा तर कंपनीने एक लाख डॉलर भरायचे. अंमल कधीपासून? आपल्या रविवारी सकाळी साडेनऊपासून. कंपनीची मेल आली होती: त्याआधी अमेरिकेत पोहोचा.

आता सांगलीहून मुंबई सात-आठ तास, तिथून पुढे विमानाचे पंधरा-सोळा तास. गणित बसतच नव्हतं. दिवसभर बॅग भरून दाराशी उभी होती. घरात कुणी धड जेवलं नाही. मध्यरात्रीनंतर कधीतरी व्हाइट हाउसकडून खुलासा आला, की हे नव्या अर्जांसाठी आहे, ज्यांच्याकडे आधीपासून व्हिसा आहे त्यांना लागू नाही. रविवारी श्राद्ध पार पडलं, बॅग परत माडीवर गेली.

जेवणं झाल्यावर मावशीने मला एकच प्रश्न विचारला. "काय रे, तू एवढं वाचत असतोस. तिकडं लोकसभा-बिकसभा काही नसती काय? एक माणूस रात्री सही करतो आणि सकाळी एवढ्या लोकांची धावपळ?"

मी त्या वेळी "असते गं, असते" म्हणून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. आज नोव्हेंबर संपत आलाय, दोन महिने वाचून-आठवून जे हाती लागलं ते इथे मांडतोय. ट्रम्प चांगले की वाईट हा या पोस्टचा विषय नाही. त्यासाठी दुसरे कट्टे आहेत. माझा मुद्दा असा, की गेल्या पंचवीस वर्षांत अमेरिकेवर जी जी संकटं आली, त्या प्रत्येकात अध्यक्षाच्या हातात थोडा जास्त अधिकार गेला. संकट ओसरलं, पण अधिकार परत आला नाही. आणि संसदेने जे काम करायचं ते केलं नाही म्हणून अध्यक्षांनी सहीने केलं. सहीने केलेलं सहीने मोडतं. त्यात भरडली जातात ती सहीच्या भरवशावर घर मांडलेली माणसं.

आधी थोडं घटनेचं

अमेरिकेच्या संसदेचं नाव काँग्रेस. आपल्याकडे गोंधळ नको म्हणून मी सरळ 'संसद' म्हणतो. तिची दोन सभागृहं, प्रतिनिधीगृह आणि सिनेट. घटनेच्या पहिल्याच कलमात संसद आहे, अध्यक्ष दुसऱ्या कलमात. कर लावणं, तिजोरीतला पैसा खर्चायला मंजुरी देणं, परदेशी व्यापाराचे नियम करणं, युद्ध पुकारणं, हे सगळं संसदेचं. अध्यक्षाने कायदे राबवायचे आणि फौजेचा सरसेनापती म्हणून काम पाहायचं. राजाच्या जाचातून सुटलेल्या लोकांनी लिहिलेली घटना आहे ती, एका हातात सगळं जाऊ नये हीच काळजी त्यात दिसते.

पण सिनेटमध्ये एक गंमत आहे. शंभर सदस्य, पण बहुतेक विधेयकांवरची चर्चा थांबवून मतदान घ्यायलाच ६० मतं लागतात. म्हणजे ५५ जणांचा पाठिंबा असूनही विधेयक लटकतं. हा ६० चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडे वटहुकूम असतो. पण संसद बसल्यापासून सहा आठवड्यांत त्यावर शिक्कामोर्तब झालं नाही तर तो गळून पडतो. अमेरिकन अध्यक्षाच्या आदेशाला अशी मुदत नाही. तो पुढच्या अध्यक्षाने रद्द करेपर्यंत किंवा कोर्टाने अडवेपर्यंत चालू.

बुश: साठ शब्द

जॉर्ज डब्ल्यू. बुश आले तेच वादातून. २००० च्या निवडणुकीत फ्लोरिडात फक्त ५३७ मतांचा फरक, आणि सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ असा निकाल देऊन फेरमोजणी थांबवली. देशभरातली एकूण मतं अल गोर यांना जास्त होती. तरी गादी मिळाली तेव्हा घरचं ताट भरलेलं होतं. २००० साली सरकारच्या तिजोरीत २३६ अब्ज डॉलरची शिल्लक होती. बुश यांचा कार्यक्रम होता करकपात आणि शाळा. दुसऱ्या देशांत जाऊन राष्ट्रबांधणी करत बसणं आपल्या फौजेचं काम नाही, असं ते प्रचारात सांगत होते.

११ सप्टेंबर २००१ ला सकाळी ते खरंच एका शाळेत होते, फ्लोरिडातल्या सारासोटा इथे, दुसरीच्या मुलांसमोर. तिथेच त्यांच्या कानात सांगितलं गेलं की दुसऱ्या मनोऱ्यावरही विमान आदळलंय. त्या दिवशी २,९७७ माणसं गेली.

तीन दिवसांनी, १४ सप्टेंबरला, संसदेने एक ठराव केला. त्याचा मुख्य भाग इंग्रजीत जेमतेम साठ शब्दांचा. आशय असा, की ज्यांनी हा हल्ला घडवला, त्याला मदत केली किंवा त्यांना आसरा दिला असं अध्यक्ष ठरवतील, त्यांच्याविरुद्ध त्यांनी आवश्यक ते बळ वापरावं. कोणता देश? लिहिलं नाही. किती काळ? तेही नाही. सिनेटमध्ये ९८ विरुद्ध ०. प्रतिनिधीगृहात ४२० विरुद्ध १.

ते एक मत कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचं. शोक सगळ्यांइतकाच त्यांनाही होता. हरकत एवढीच, की हा कोरा चेक आहे. त्यानंतर त्यांना इतक्या धमक्या आल्या की पोलीस संरक्षण घ्यावं लागलं. आज चोवीस वर्षं झाली, तो ठराव अजून लागू आहे. अफगाणिस्तानसाठी केलेला, पण त्याच्याच आधारावर येमेन, सोमालिया, सीरियात हल्ले झाले. २००१ साली ज्या 'आयसिस'चा मागमूसही नव्हता, तिच्याविरुद्धची मोहीमही याच साठ शब्दांवर उभी राहिली. वापरला कुणी? बुश, ओबामा, ट्रम्प, बायडेन, चौघांनीही.

इराकचं युद्ध २००३ चं. त्यासाठी २००२ मध्ये वेगळा ठराव झाला. बायडेन तेव्हा सिनेटमध्ये होते, त्यांनीही बाजूने मत दिलं. ज्या महासंहारक शस्त्रांच्या नावाने युद्ध झालं ती सापडली नाहीत.

बुश यांच्या शेवटच्या दिवसांत मात्र उलटं घडलं. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली आणि बँकांचा बाजार कोसळायला लागला. सरकारने ७०० अब्ज डॉलर मागितले. २९ सप्टेंबरला प्रतिनिधीगृहाने चक्क नाही म्हटलं. त्या दिवशी डाऊ जोन्स ७७७ अंकांनी आपटला. चार दिवसांत विधेयक दुरुस्त होऊन मंजूर झालं. म्हणजे मनात आणलं तर संसद आठवड्यात हलू शकते. हेही लक्षात असू द्या.

ओबामा: पेन आणि फोन

बराक ओबामा इराक युद्धाचे टीकाकार म्हणून पुढे आले. घटनेचा कायदा शिकवलेला माणूस. बुश यांनी अध्यक्षपदाचे अधिकार फार ताणले असं ते बोलत. जानेवारी २००९ मध्ये त्यांनी शपथ घेतली त्या एका महिन्यात देशात आठ लाखांच्या आसपास नोकऱ्या गेल्या. ऑक्टोबरपर्यंत बेकारी १० टक्क्यांवर.

पहिली दोन वर्षं त्यांनी कामं संसदेतूनच केली. ७८७ अब्ज डॉलरचं अर्थव्यवस्था सावरण्याचं विधेयक फेब्रुवारीत झालं. प्रतिनिधीगृहातल्या एकाही रिपब्लिकन सदस्याचं मत त्याला मिळालं नाही. मार्च २०१० मध्ये आरोग्यविम्याचा कायदा झाला, २१९ विरुद्ध २१२. राजकीय किंमत जबर मोजावी लागली. त्या नोव्हेंबरात रिपब्लिकनांनी प्रतिनिधीगृहात ६३ जागा खेचून घेतल्या. तिथून पुढे विधेयकांची वाट बंद.

आता एक उदाहरण नीट बघा. लहानपणी आईबापांनी कागदपत्रांशिवाय अमेरिकेत आणलेली मुलं. शाळा तिथेच, मित्र तिथेच, भाषाही तीच, पण कागद नाही. त्यांना कायदेशीर वाट देणारं विधेयक डिसेंबर २०१० मध्ये सिनेटमध्ये आलं. बाजूने ५५ मतं. हवी होती ६०. पडलं.

एकट्याच्या सहीने हे करणं आपल्या अधिकारात बसत नाही, असं ओबामा आधी स्वतःच सांगत होते. जून २०१२ मध्ये त्यांनी तेच केलं. त्या योजनेचं नाव 'डाका'. दोन वर्षांसाठी हद्दपारीतून सूट आणि कामाचा परवाना, मग नूतनीकरण. आजवर आठ लाखांहून जास्त तरुणांनी ती घेतली. २०१३ मध्ये सिनेटने व्यापक विधेयक ६८ विरुद्ध ३२ ने मंजूर केलं, पण प्रतिनिधीगृहाने ते मतदानाला घेतलंच नाही. जानेवारी २०१४ मध्ये ओबामांनी जाहीर सांगितलं की विधेयकं येत नसतील तर माझ्याकडे पेन आहे आणि फोन आहे.

पॅरिस हवामान करार, इराणशी अणुकरार, दोन्ही तसेच. सिनेटकडे तह म्हणून नेले असते तर दोन-तृतीयांश मतं लागली असती, ती मिळणार नव्हती. म्हणून अध्यक्षांच्या अधिकारात केले. लिबियात २०११ मध्ये बॉम्बहल्ले सुरू झाले. १९७३ च्या कायद्याप्रमाणे साठ दिवसांत संसदेची परवानगी हवी होती. सरकारने युक्तिवाद केला, की आपले सैनिक जमिनीवर लढत नाहीत, म्हणजे याला त्या कायद्यातली लढाई म्हणता येणार नाही!

बरं, संसद बिचारी आणि अध्यक्ष दांडगट, असंही नाही. २०१३ मध्ये सीरियात रासायनिक हल्ला झाला, तेव्हा ओबामांनी कारवाईपूर्वी संसदेकडे परवानगी मागितली. सदस्यांची तारांबळ उडाली. मत द्यायचं म्हणजे जबाबदारी आली. दोन्हीपैकी एकाही सभागृहात अंतिम मतदान झालं नाही. अधिकार ओरबाडले जातात हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की कित्येकदा ते आपण होऊन टाकून दिले जातात. मत दिलं नाही तर पुढच्या निवडणुकीत कुणी जाब विचारणार नाही, हा हिशेब.

ट्रम्प, पहिला डाव: काय टिकलं, काय उडालं

२०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प निवडून आले. एकूण मतं हिलरी क्लिंटन यांना सुमारे २९ लाख जास्त, पण तिथल्या पद्धतीत राज्यांची मतं मोजतात. रिकाम्या पडलेल्या कारखान्यांच्या गावांनी त्यांना निवडून दिलं. बुशकाळातली युद्धं आणि २००८ ची झळ ज्यांच्या अंगावर आली, तेच हे लोक. त्यांचा राग खोटा नव्हता.

ट्रम्प आले आणि ओबामांच्या सहीची कामं एकेक करून खोडली. पॅरिस करारातून बाहेर पडण्याची घोषणा जून २०१७ मध्ये. इराण करार मे २०१८ मध्ये मोडला. 'डाका' बंद करण्याचा आदेश सप्टेंबर २०१७ मध्ये, तो जून २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ असा रोखला. तेही एवढ्याच मुद्द्यावर, की रद्द करण्याची पद्धत चुकली.

टिकलं काय? आरोग्यविम्याचा कायदा. कारण तो कायदा होता. तो मोडायला संसदेत मतं लागत होती. २८ जुलै २०१७ च्या पहाटे रिपब्लिकन पक्षाचेच जॉन मॅकेन सिनेटमध्ये उभे राहिले आणि त्यांनी अंगठा खाली केला. ५१ विरुद्ध ४९, प्रस्ताव पडला. मॅकेन यांना मेंदूच्या कर्करोगाचं निदान होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. या अख्ख्या पोस्टचा गाभा या एका फरकात आहे. संसदेतून कष्टाने गेलेलं टिकलं, सहीने झालेलं उडालं.

मग भिंतीची गोष्ट. मेक्सिको सीमेवरच्या भिंतीला संसदेने मागितले तेवढे पैसे दिले नाहीत. ३५ दिवस सरकारी कामकाज ठप्प झालं. शेवटी फेब्रुवारी २०१९ मध्ये ट्रम्प यांनी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करून दुसऱ्या कामांचा पैसा तिकडे वळवला. आपल्याकडे आणीबाणी म्हटलं की १९७५ आठवतं. तिकडे अर्थ वेगळा. अध्यक्षाने जाहीर केली की ठरावीक कायद्यांतली कुलपं उघडतात, एवढंच. १९७९ मध्ये कार्टर यांनी इराणबाबत जाहीर केलेली आणीबाणी आजही दरवर्षी वाढवली जाते!

संसदेच्या दोन्ही सभागृहांनी भिंतीची आणीबाणी संपवणारा ठराव केला. ट्रम्प यांनी नकाराधिकार वापरला. तो मोडायला दोन-तृतीयांश मतं लागतात, ती नव्हती. इथे कुलूप कुठे अडकलंय बघा. १९७० च्या दशकातल्या कायद्यांत अशी सोय होती की संसद स्वतःच्या ठरावाने अध्यक्षाचा निर्णय रद्द करू शकेल, अध्यक्षाची सही नको. १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशी सोय घटनेत बसत नाही असा निकाल दिला. तो खटला 'चढ्ढा खटला' म्हणून प्रसिद्ध आहे. केनियात जन्मलेल्या, भारतीय वंशाच्या एका विद्यार्थ्याच्या हद्दपारीवरून तो उभा राहिला होता. त्या विद्यार्थ्याच्या बाजूने लागला हे चांगलंच झालं. पण परिणाम असा, की अधिकार द्यायला साधं बहुमत पुरतं आणि परत घ्यायला दोन-तृतीयांश. आत जायचा दरवाजा मोठा, बाहेर यायची खिडकी लहान.

२०२० मध्ये करोना आला. एप्रिलमध्ये बेकारी १४ टक्क्यांच्या पुढे. तेव्हा संसद पुन्हा जागी झाली. २.२ लाख कोटी डॉलरची मदत सिनेटमध्ये ९६ विरुद्ध ० अशी मंजूर झाली. लस विक्रमी वेळात आली, याचं श्रेय ट्रम्प सरकारला द्यायलाच हवं. पण त्यांची मुदत संपेस्तोवर चार लाख माणसं दगावली होती. आणि ६ जानेवारी २०२१ ला त्यांचे समर्थक संसदेच्याच इमारतीत घुसले. महिनाभराने सिनेटमध्ये महाभियोगाचं मतदान झालं. दोषी म्हणणारे ५७, हवे होते ६७.

बायडेन: सिनेटचा माणूस, तरीही

जो बायडेन यांनी सिनेटमध्ये ३६ वर्षं काढलेली. वाटलं, आता गाडी रुळावर येईल. काही अंशी आलीही. रस्ते-पुलांचा मोठा कायदा २०२१ मध्ये ६९ विरुद्ध ३० मतांनी, म्हणजे रिपब्लिकनांची मतं घेऊन झाला. बंदुकांबाबत जवळपास तीस वर्षांतला पहिला मोठा कायदा २०२२ मध्ये झाला. पण पहिल्याच दिवशी त्यांनीही पेन उचललं. पॅरिस करारात परत, भिंतीची आणीबाणी रद्द.

अफगाणिस्तानातून बाहेर पडण्याचा करार ट्रम्प यांच्या काळातला, फेब्रुवारी २०२० चा. पार पाडला बायडेन यांनी. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं. २६ ऑगस्टला विमानतळाच्या फाटकावर स्फोट झाला, त्यात १३ अमेरिकन सैनिक आणि १७० च्या आसपास अफगाण माणसं गेली. वीस वर्षांचं युद्ध संपलं, त्याला जन्म देणारे साठ शब्द मात्र संपले नाहीत. महागाई जून २०२२ मध्ये ९.१ टक्क्यांवर गेली, ती त्यांना शेवटपर्यंत भोवली.

विद्यार्थ्यांच्या कर्जाचा किस्सा तर सांगायलाच हवा. २००३ मध्ये, इराक युद्धाच्या वर्षी, एक कायदा झाला. हेतू साधा: लढायला गेलेल्या सैनिकाचं शैक्षणिक कर्ज थकलं तर त्याला सवलत देता यावी. राष्ट्रीय आणीबाणीतही तो चालतो. २०२२ मध्ये बायडेन यांनी करोनाची आणीबाणी दाखवून याच कायद्याखाली सुमारे ४०० अब्ज डॉलरची कर्जमाफी जाहीर केली. हेतू चांगला असेल, गरजही असेल. पण ४०० अब्ज डॉलरला संसदेचं मत नको? जून २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ अशी ती रद्द केली. कोट्यवधी लोकांनी अर्ज भरून ठेवले होते. हातात आलेलं गेलं.

ट्रम्प, दुसरा डाव

२० जानेवारी २०२५ ला ट्रम्प परतले. पहिल्याच दिवशी २६ अध्यक्षीय आदेश. वर्ष संपायच्या आत आकडा दोनशेपार. पॅरिस करारातून पुन्हा बाहेर! हे मोजा: आत, बाहेर, आत, बाहेर. दहा वर्षांच्या आत.

आयात शुल्क म्हणजे कर, आणि कर हा संसदेचा हक्क. पण ट्रम्प यांनी आधार घेतला १९७७ च्या आणीबाणीविषयक आर्थिक कायद्याचा. गंमत बघा, हा कायदा अध्यक्षाच्या आणीबाणीतल्या अधिकारांना आवर घालावा म्हणून केला होता. त्यात 'शुल्क' हा शब्दच नाही, आयातीचं 'नियमन' असा शब्द आहे. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षं कुठल्याही अध्यक्षाने त्याखाली शुल्क लावलं नव्हतं. ऑगस्टअखेर भारतीय मालावर ५० टक्के शुल्क बसलं. अंधेरीच्या सीप्झमध्ये हिऱ्यांचे दागिने घडवणाऱ्या कारागिराला वॉशिंग्टनच्या सहीची किंमत तेव्हा कळली. खालच्या कोर्टांनी हे शुल्क बेकायदा ठरवलं, ५ नोव्हेंबरला सुप्रीम कोर्टात सुनावणी झाली. निकाल तेव्हा यायचा होता. संसद या सगळ्यात कुठे होती? ऑक्टोबर-नोव्हेंबरात ४३ दिवस सरकार ठप्प होतं. तोवरचं सर्वांत लांब.

आता मावसभावाकडे येतो. एच-वन-बीच्या त्या घोषणापत्राचा आधार १९५२ च्या कायद्यातलं एक कलम आहे. परदेशी लोकांचा प्रवेश देशहिताला बाधक वाटला तर अध्यक्ष तो थांबवू शकतो. त्याच कलमावर ट्रम्प यांनी २०१७ मध्ये काही मुस्लिमबहुल देशांवर प्रवेशबंदी घातली. त्याच कलमावर बायडेन यांनी जून २०२४ मध्ये सीमेवर आसरा मागणाऱ्यांना अडवलं, कारण सीमेचं विधेयक सिनेटमध्ये पडलं होतं. कलम एकच, पक्ष दोन.

आणि मावसभाऊ इतकी वर्षं व्हिसावरच का? ग्रीन कार्डसाठी नोकरीच्या रांगेत एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा आहे. भारतालाही तेवढीच, आइसलँडलाही तेवढीच. हा १९९० चा कायदा. बदलायचा प्रयत्न झाला. २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहाने ३६५ विरुद्ध ६५ मतांनी विधेयक मंजूर केलं. २०२० च्या डिसेंबरात सिनेटने त्याचं वेगळं रूप मंजूर केलं. दोन्हींचा मेळ बसवायला वेळ मिळाला नाही आणि मुदत संपली. दोन्ही सभागृहांना हवा असलेला कायदा झालाच नाही! त्याच्या बायकोला तिकडे नोकरी करता येते, ती २०१५ च्या एका सरकारी नियमामुळे. तोही कायदा नाही. पहिल्या ट्रम्प सरकारने तो रद्द करायचा बेत जाहीर केला होता, मग राहून गेला. म्हणजे त्यांचं घर, हप्ते, पोराची शाळा, सगळं न झालेल्या कायद्यांवर आणि झालेल्या सह्यांवर उभं आहे.

मग चूक कुणाची?

कुणी म्हणेल, संकट काय संसदेची वाट बघत थांबतं का? बरोबर आहे. मनोरे कोसळत असताना चर्चासत्र भरवता येत नाही. पण २००८ मध्ये चार दिवसांत आणि २०२० मध्ये काही आठवड्यांत संसदेने काम करून दाखवलं. हलता येतं. हलायचं नसतं, कारण दोन्ही पक्षांना आपला माणूस खुर्चीत असला की ही सोय आवडते. बुश यांच्या वेळी डेमोक्रॅट ओरडले, ओबामांच्या वेळी रिपब्लिकन. 'डाका'वर टाळ्या वाजवणाऱ्यांना प्रवेशबंदीत हुकूमशाही दिसली, आणि कर्जमाफीवर कोर्टात धावणारे आयात शुल्कावर गप्प बसले. हत्यार तेच, फक्त मूठ दुसऱ्याच्या हातात.

मला विचाराल तर या पंचवीस वर्षांतली सगळ्यात महत्त्वाची व्यक्ती या चौघांपैकी कुणीच नाही. ती म्हणजे ४२० जणांसमोर एकटी उभी राहिलेली बाई. तिचा शोक सगळ्यांसारखाच होता, फक्त तिने विचारलं: कोणाविरुद्ध, किती दिवस, आणि परत कोण घेणार? अधिकार देताना हे तीन प्रश्न विचारले असते तर बऱ्याच गोष्टी वेगळ्या झाल्या असत्या.

दिवाळीला मावशीला फोन केला, तेव्हा शेवटी उत्तर दिलं. म्हटलं, "मावशी, तिकडं लोकसभा आहे. पण ती घरची चावी शेजाऱ्याकडे देऊन गावाला गेलीय, आणि आता चावी परत मागायची तर शेजाऱ्याचीच परवानगी लागते."

ती क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, "मग पुढच्या वर्षी श्राद्धाला त्यानं येऊच नये म्हणतोस?"

याचं उत्तर माझ्याकडे नाही.

तुमच्या घरी त्या शनिवारी काय झालं होतं? कॉमेंटमध्ये लिहा. मतभेद असेल तर जरूर मांडा, फक्त भाषा जपून.